कीर्द आणि खतावणी

महाराष्ट्राचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सनदा, तहनामे, महजर आणि बखरी यांचा जो अविश्रांत शोध घेतला, त्याबद्दल हा प्रांत त्यांचा कायमचा ऋणी राहील. परंतु ज्या काळात पुण्याच्या फडावर दूरदूरच्या सुभ्यांचे हिशेब लिहिले जात होते, त्याच काळात त्याच शहराच्या पेठांतून एखादा वाणी, एखादा सराफ किंवा एखादा कापडकरी दिवेलागणीच्या सुमारास जी लांबट, लाल कापडाच्या बांधणीची आणि पांढऱ्या दोऱ्याच्या शिवणीची वही पुढे ओढून बसे, तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. राज्ये आली आणि गेली, नाणी बदलली, वजनेमापे बदलली, लिपीसुद्धा बदलली. पण लहान दुकानदाराने आपला धंदा सावरावा कसा, वाढवावा कसा आणि पडत्या काळात तगवावा कसा, या प्रश्नांचे जे उत्तर आपल्या पूर्वजांनी शोधून काढले, त्याचा गाभा या वहीतच होता. भांडवल, जागा आणि माल ही व्यापाराची दृश्य अंगे आहेत. वही हे त्याचे अदृश्य अंग असून पहिल्या तिन्हींवर तिची सत्ता चालते, असे माझे मत आहे, आणि त्या मताचा आधार म्हणून हा इतिहास येथे मांडीत आहे.

हिशेबाची ही विद्या आपल्याकडे दुकानात जन्मली की दरबारात, याचा निवाडा करणे कठीण. दोन्ही ठिकाणी ती एकमेकींच्या आधाराने वाढली, एवढे मात्र स्पष्ट दिसते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीकडे, म्हणजेच लोकपरंपरेतल्या हेमाडपंताकडे, मोडी लिपीचे जनकत्व देण्याची प्रथा आहे. ती प्रथा ऐतिहासिक कसोटीला कितपत उतरते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बोरू न उचलता, आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग अक्षरे लिहीत जाणारी ही लिपी जमाखर्चाच्या निकडीतून वाढीस लागली, हे तिच्या रूपावरूनच पटते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला, यावरूनही नेटके लिहिणे हे त्या काळात प्रपंचाचे केवढे मोठे साधन मानले जात होते, ते कळते. पुढे पेशवाईत हुजूर दफ्तराची घडी बसली, तेव्हा रोजच्या जमाखर्चाच्या कागदांना ‘रोजकीर्द’ हेच नाव होते. या रोजकीर्दींतून गणेश चिमणाजी वाड यांनी वेचे काढले, आणि त्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मुंबईत जो निबंध वाचला, त्याने मराठ्यांचा इतिहास केवळ स्वाऱ्यांचा नसून कारभाराचाही आहे हे विद्वानांच्या मनावर ठसविले. पेशव्यांची रोजकीर्द अशी विद्वत्सभेत जाऊन पोहोचली. दुकानदाराची रोजकीर्द माळ्यावर राहिली.

दुकानाची कीर्द म्हणजे दिवसाच्या देवघेवीची क्रमवार नोंद. पानावर रेघा आखलेल्या नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडीत आणि त्या सळांच्या आधाराने रकमा एकाखाली एक उतरत जात. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सकाळी सर्वप्रथम कालची शिल्लक जमेस धरावयाची, मग जो जो पैसा येईल तो ज्याच्याकडून आला त्याच्या नावानिशी जमेच्या बाजूस, आणि जो जो जाईल तो ज्याला दिला त्याच्या नावानिशी दुसऱ्या बाजूस लिहावयाचा. संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या बेरजा मांडून जमेतून खर्च वजा घातला म्हणजे जी बाकी निघे, ती आणि गल्ल्यातली प्रत्यक्ष रोकड एक आली पाहिजे. याला मेळ बसणे म्हणत. मेळ बसल्याखेरीज दिवाणजीने घरी जावयाचे नाही, ही शिस्त ज्या पेढीवर पाळली जाई, तिच्या मालकाला आपल्या धंद्याची प्रकृती दररोज कळे. जेथे ती ढिली पडे, तेथे दोन आण्यांची चूक आठवड्यात दोन रुपयांची होई आणि महिन्याच्या अखेरीस ती चूक आहे की चोरी आहे हे ठरविण्याचाही मार्ग उरत नसे. रक्कम लहान असतानाच चूक धरावी, या एका नियमावर सारी पद्धती उभी आहे.

कीर्दीतली प्रत्येक रकम पुढे खतावणीत जाई. खतावणीत माणसागणिक, मालागणिक, खर्चागणिक निरनिराळी पाने असत. कीर्दीतल्या रकमेशेजारी खतावणीचे पान टिपलेले असे आणि खतावणीतल्या रकमेशेजारी कीर्दीची मिती. कोणत्याही टोकाकडून धागा धरला तरी दुसरे टोक हाती लागावे, अशी ही रचना होती. महिन्यातून एकदा किंवा सणासुदीपूर्वी सर्व खात्यांच्या बाक्या एका कागदावर उतरवून तेरीज काढीत. दोन्ही बाजू जुळल्या तर खतावणी शुद्ध, न जुळल्या तर शोध सुरू. वर्षाच्या शेवटी ताळेबंद होई, येणे किती, देणे किती, माल किती, नफा-तोटा किती, आणि बुडीत म्हणून सोडून द्यावे असे किती, याचा निर्णय होई. बुडीत रकम बुडीत म्हणून लिहिण्याचे धैर्य ज्याच्या अंगी नाही, तो दुकानदार खोट्या श्रीमंतीत जगतो, हे जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते.

इटलीत लूका पाचोलीने १४९४ साली दुनोंदी पद्धतीचे विवेचन छापून प्रसिद्ध केले आणि पुढे ती विद्या साऱ्या जगाने घेतली, हे खरे आहे. पण त्यामुळे आपली देशी नामेपद्धती म्हणजे केवळ रोकडीचे टिपण होते, असा जो समज इंग्रजी शिकलेल्या पिढीत पसरला, तो मात्र साफ चुकीचा आहे. उधारीने माल गेला की गिऱ्हाइकाचे नावे आणि मालाचे खाती जमा अशा दोन्ही अंगांनी तिचा जमाखर्च केला जाई; एका गिऱ्हाइकाचे येणे दुसऱ्याच्या देण्यात वळते करावयाचे तर हवाला टाकला जाई; पसंतीसाठी नेलेला माल विक्रीत न धरता जांगडवहीत वेगळा राही. विकलेला आणि केवळ दाखवावयास दिलेला माल यांत भेद करणारी ही जांगडवही लहान सोनाराला आणि कापडवाल्याला किती संकटांतून वाचवीत असेल, याची कल्पना धंद्यात पडलेल्या माणसालाच येईल.

वहीच्या आधी पाटी येते. पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर अंक गिरवून झाले की मुलाच्या कानावर पाढे पडू लागत, आणि ते तीसापर्यंत जाऊन थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात. आजच्या शिक्षणशास्त्र्यांना ही निर्दय घोकंपट्टी वाटते, आणि समजेवाचूनच्या पाठांतराविषयीचा त्यांचा आक्षेप सर्वस्वी अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजात रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै आणि मणाचे चाळीस शेर होते, तेथे हे पाढे म्हणजे दुकानाचे हत्यार होते. साडेतीन रुपये मणाने सतरा मण गूळ घेतला, तर औटकी पाठ असलेला पोर कागदाला हात न लावता साडेएकोणसाठ रुपये सांगे. याहून सुंदर होत्या त्या हिशेबाच्या किल्ल्या. जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर, ही त्यांतली एक. चाळीस शेरांना सोळांनी भागले की अडीच येतात, एवढेच तिचे रहस्य. पण त्या एका ओळीच्या बळावर घाऊक भावाने घेतलेला माल किरकोळ गिऱ्हाइकाला कोणत्या दराने द्यावयाचा, हे तराजू उचलता उचलता ठरविता येई. समोरच्या गिऱ्हाइकालाही ती किल्ली पाठ असली, म्हणजे भावात खोट काढण्यास वावच राहत नसे. हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

नाण्यांचा गोंधळ आज आपल्या कल्पनेतही मावणार नाही असा होता. कंपनी सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया चालू करण्यापूर्वी, आणि काही भागांत त्यानंतरही कित्येक वर्षे, बाजारात पुण्याकडचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी, निजामाच्या मुलखातला हाली सिक्का असे अनेक रुपये एकाच वेळी फिरत. त्यांची चांदी सारखी नसे, झीज सारखी नसे आणि म्हणून किंमतही सारखी नसे. एका रुपयाचा दुसऱ्यात हिशेब करताना बट्टा लागे, आणि तो सराफाच्या कट्ट्यावर दररोज ठरे. त्यामुळे कीर्दीत नुसते ‘रुपये शंभर’ लिहून भागत नसे, कोणते रुपये तेही लिहावे लागे. मापांचीही तीच कथा. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे वजनाचे नव्हे, तर धान्याच्या मापाचे पुस्तकातले कोष्टक. प्रत्यक्षात एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत कमी भरे किंवा जास्त, आणि धान्य मापून द्यावयाचे की तोलून, शिगोशीग की सपाट, हेसुद्धा जागोजागच्या वहिवाटीवर अवलंबून असे.

अशा देशात पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाचा कसा? वाटेवर पेंढारी असोत वा नसोत, थैलीभर रुपये घेऊन घाट उतरणे हे लहान व्यापाऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हते. त्याची सोय हुंडीने केली. साताऱ्याच्या दुकानदाराला मुंबईहून माल आणावयाचा असेल, तर तो साताऱ्याच्या पेढीवर रोकड भरी, थोडी हुंडणावळ देई, आणि त्या पेढीच्या मुंबईतल्या आडत्यावर लिहिलेली हुंडी घेऊन जाई. दाखविताच पैसे मिळावयाचे असले तर दर्शनी, काही दिवसांनी मिळावयाचे असले तर मुदती. बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती रकम पडावी अशी इच्छा असली तर शहाजोग. हुंडीचा मायना ठरलेला असे आणि त्यात एक विलक्षण दक्षता असे: रकम एकदा लिहून न थांबता तिची निमपट सांगून त्याची दुप्पट द्यावी, असे अक्षरांत पुन्हा लिहीत. शंभराच्या पुढे एखादे शून्य चिकटविण्याची कोणास बुद्धी झालीच, तर निमे पन्नास त्याला अडवीत. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहून देत. तीही गहाळ झाली तर परपेठ. या व्यवहाराची प्रतिष्ठा एवढी होती, की १८८१ साली इंग्रज सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांविषयीची स्थानिक वहिवाट त्यांना अबाधित ठेवावी लागली. लहान माणसाच्या दृष्टीने हुंडीचा खरा लाभ असा, की तिच्या निमित्ताने त्याच्या नावाची नोंद मोठ्या पेढीच्या वहीत होई आणि दोन-चार वर्षे त्याचा व्यवहार चोख राहिला म्हणजे ती नोंदच त्याची पत होऊन बसे. त्याच सुमारास, १८८० पासून, टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि लहान रकमांची देवघेव त्या वाटेने जाऊ लागली. सोय झाली, पण टपालाच्या पावतीने पत उभी राहत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात साहुकारांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. परमुलखातून व्यापारी बोलावून आणावे, त्यांना पेठा वसवून द्याव्या, त्यांचा मान राखावा, कारण त्यांच्यामुळे राज्य संपन्न होते आणि प्रसंगी लागेल ते कर्ज मिळते, असा त्याचा आशय आहे. नवी पेठ वसविताना कौल देऊन काही वर्षे जकात माफ करण्याची रीत होती, ती याच धोरणातली. राज्यकर्त्याने व्यापाऱ्याला काय द्यावे याचा इतका स्वच्छ विचार अठराव्या शतकाच्या आरंभी कोणीतरी मराठीत लिहून ठेवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु व्यापाऱ्याने आपल्या ऋणकोला काय द्यावे, हा प्रश्न त्या ग्रंथात नाही, आणि तो विचारला जाण्यास पुढे दीडशे वर्षे जावी लागली.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी ओसरली होती, सरकारी साऱ्याची फेरआकारणी वाढीव दराने झाली होती, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणून ठेवल्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला होता. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव हा वणवा पसरला. पण नंतर नेमलेल्या चौकशी आयोगालाही जे ठळकपणे दिसले ते असे, की माणसांच्या जिवावर उठण्यापेक्षा कागद हस्तगत करण्याकडे जमावाचा कल होता. रोखे मागून घेतले गेले, वह्या बाहेर काढल्या गेल्या आणि रस्त्यात पेटविल्या गेल्या.

या प्रसंगाकडे केवळ कर्जबाजारी कुणब्यांचा उद्रेक म्हणून पाहणे मला पुरेसे वाटत नाही. जी वही शहरात दोन व्यापाऱ्यांमध्ये विश्वास निर्माण करीत होती, तीच वही खेड्यात एवढी द्वेषास पात्र का झाली? शहरात दोघेही ती वाचू शकत होते, दोघांच्याही घरी एकमेकांच्या व्यवहाराची नोंद होती, आणि फरक पडला तर दोन वह्या शेजारी ठेवून तो काढता येत होता. खेड्यात वही एकीकडेच होती. कुणबी मोडी वाचू शकत नव्हता, अंगठा उठविण्यापलीकडे त्या कागदाशी त्याचा संबंध नव्हता, वसूल दिला तर पावती मिळत नव्हती, आणि दिलेला वसूल कोणत्या मितीला कोणत्या खाती पडला हे सांगणारा माणूस घेणाराच होता. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा अविद्येला शेतकऱ्याच्या दैन्याच्या मुळाशी धरले, त्याचा व्यावहारिक अर्थ या वहीवरून जितका स्पष्ट होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. फुले स्वतः कंत्राटदारीच्या व्यवसायात होते. हिशेबाचा कागद ज्याला वाचता येत नाही त्याचे काय होते, हे त्यांनी पुस्तकांतून शिकलेले नव्हते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाचे करार गावच्या निबंधकासमोर व्हावेत असे ठरविले, कोर्टांना व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, आणि सावकाराने वसुलाची पावती, वार्षिक उतारा आणि मागितल्यास पासबुक दिले पाहिजे असे बंधन घातले. या कायद्याच्या यशापयशावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि त्यातून पळवाटाही पुष्कळ निघाल्या. माझ्या विषयापुरती त्यातली एकच कल्पना महत्त्वाची आहे, ती पासबुकाची. देणेदाराच्या हातातही एक वही असावी, हे तत्त्व येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत आले. त्या लहानशा पुस्तकाने जे साधण्याचा प्रयत्न केला, ते पुढच्या काळातल्या पतसंस्थांनी आणि सहकारी बँकांनी प्रत्यक्षात आणले.

बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या महाराष्ट्रीय गृहस्थांच्या पुढाकाराने १८८९ साली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा हिंदुस्थानात सहकाराचा कायदा अस्तित्वातही नव्हता. तो १९०४ साली आला आणि १९१२ साली विस्तारला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल, १९१८ मध्ये सारस्वत, अशा संस्था उभ्या राहिल्या. यांचे आरंभीचे सभासद मोठे शेठ नव्हते. लहान पगाराचे कारकून आणि लहान उदीम करणारे लोक एकमेकांना जामीन राहून कर्जे घेत होते. येथे हिशेब सर्व सभासदांचा होता, तो वर्षातून एकदा सभेपुढे ठेवावा लागे आणि कोणीही सभासद उभा राहून त्याविषयी प्रश्न विचारू शके. पेठांतल्या लहान व्यापाऱ्यांनी याच्याही आधीपासून भिशी चालविली आहे, आणि तिचे बळ याच गोष्टीत आहे: कोणी किती भरले आणि कोणी कधी उचलले हे तिच्या प्रत्येक सभासदाला ठाऊक असते. कोणताही कागद नसताना ती टिकते, याचे कारण तिचा हिशेब सर्वांच्या डोक्यात लिहिलेला असतो.

झाकलेला हिशेब उघड्यावर आणण्याचा असाच एक लढा धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात झाला. शेतकऱ्याच्या देखत दलाल आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल विकला जात होता त्याला तो भाव कळत नसे. वर आडत, हमाली, तोलाई, धर्मादाय आणि कडता यांच्या नावाने जे कापले जाई, त्याचा तपशीलही त्याला मिळेलच असे नसे. वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा येऊन उघड्या लिलावाचा आणि छापील हिशेबपट्टीचा मार्ग मोकळा झाला. प्रामाणिक आडत्याचे यात नुकसान झाले नाही. उलट, ज्याच्या पट्टीत खोट नव्हती त्याच्याकडे माल वळू लागला.

कारखानदारीच्या युगात हेच सूत्र निराळ्या रूपाने दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात बंधूंसह सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता, हिशेब चोख होता, पण गिऱ्हाइकाच्या मनातली शंका कोणत्याही खतावणीत लिहिलेली नव्हती. १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. पुढे ते मासिक मराठी वाङ्मयात मान्यता पावले. त्याचा आरंभ मात्र कारखान्यात काय चालले आहे ते बाहेरच्या माणसाला कळावे, या अगदी व्यवहारी हेतूतून झाला.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय आणि १९४३ साली पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि दिवाणजीच्या मुलाने जी विद्या गादीशेजारी बसून घेतली असती ती पदवीच्या अभ्यासक्रमात आली. मोडी शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळली आणि मग लुप्त झाली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस सरळ होत, पण एका आण्याचे सव्वासहा होत असल्यामुळे दुकानोदुकानी भिंतीवर कोष्टके लागली, आणि पैशाअर्ध्या पैशावरून पुष्कळ तंटे झाले. १९५६ च्या कायद्यानुसार शेर जाऊन किलोग्रॅम आणि गज जाऊन मीटर आले. अडीच शेरांची ती किल्ली, औटकी आणि दिडकी या सर्वांची गरज पाच-सहा वर्षांत संपली. हा बदल इष्टच होता. लहान मुलालाही आईने दिलेल्या पैशांचा हिशेब आता दशांशात करता येतो, आणि मापाच्या गोंधळात जो नफा दडलेला होता त्याला लपावयास जागा उरली नाही.

मात्र या स्थित्यंतरात जुन्या वह्या निरुपयोगी ठरल्या, आणि त्यांची जी वाट लागली ती पाहून मन विषण्ण होते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून घराण्यांची दफ्तरे जमविण्याचे जे कार्य केले, तसे कार्य दुकानांच्या वह्यांसाठी व्हावे असे मला कळकळीने वाटते. वाटण्या होतात, वाडे पडतात, माळे रिकामे करावे लागतात, आणि मोडी वाचता न येणारी नातवंडे लाल बांधणीचे गठ्ठे रद्दीवाल्याला वजनाने देतात. १८७६-७७ च्या दुष्काळात एखाद्या तालुक्याच्या गावी आठवड्या-आठवड्याला ज्वारीची धारण काय होती, कोणत्या जातीच्या आणि धंद्याच्या माणसाला किती दिवस उधार मिळत असे, व्याज कागदावर किती आणि वसुलात किती पडे, विधवा बाई आपल्या नावाने खाते ठेवीत होती की दिराच्या, सोन्याचा शेवटचा डाग कोणत्या महिन्यात गहाण पडे, या प्रश्नांची उत्तरे सरकारी गॅझेटियरांत सरासरीने मिळतात. वहीत ती मितीवार आणि नावानिशी मिळतात. ज्या घरांत असे गठ्ठे अजून असतील, त्यांनी ते उघडण्यापूर्वी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला बोलवावे, निदान पहिल्या आणि शेवटच्या पानांची नक्कल करून घ्यावी, आणि जागा नसेल तर ती वही जवळच्या ग्रंथसंग्रहालयाच्या किंवा संशोधन मंडळाच्या स्वाधीन करावी.